कंपनीचं परफॉर्मन्स पॅकेज घ्यावं की नको? पैसे भरायच्या आधी हे तपासा

पहिली स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा मी ऑर्डर फॉर्मवरच्या एका ओळीपाशी अडकलो होतो, कंपनीचं पॉवर वाढवणारं पॅकेज. शेवटी टिक केलं. गाडी मस्त पळायची, आवाज पण भारी, पण पहिल्याच ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस) तिसऱ्या लॅपमध्ये ब्रेक पेडल मऊ पडून खाली जायला लागलं आणि उरलेला दिवस गाडी पिटमध्ये थंड होत उभी राहिली. इंजिनात ताकद वाढवली होती, पण ती वापरायची तर आधी गाडी थांबायला हवी ना, आणि तिथे काहीच वाढलेलं नव्हतं. दुसऱ्या गाडीच्या वेळी मी घाई केली नाही, कागद-पेन घेऊन बसलो, लोकांच्या गाड्यांमध्ये बसलो, वर्कशॉपवाल्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. त्यातून जी पद्धत हाताला लागली ती खाली लिहितोय. पहिल्यांदाच असं पॅकेज बघत असाल तर हे सगळं वाचूनच सही करा.

१. गाडी नक्की कुठे कमी पडतेय ते आधी ठरवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे आणि बहुतेक जण हीच सोडून देतात. पॅकेज म्हणजे कुठल्यातरी कमतरतेवरचं उत्तर. कमतरता काय आहे हेच माहीत नसेल तर उत्तर विकत घेऊन उपयोग काय?

गाडी आधीपासून तुमच्याकडे असेल तर महिनाभर एक वही ठेवा. जेव्हा जेव्हा वाटेल की गाडीने अजून काहीतरी द्यायला हवं होतं तेव्हा घरी आल्यावर एक ओळ लिहा. वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं फिरत होतं का? जोरात ब्रेक मारल्यावर पेडल मऊ झालं? पुढचं टोक वळायला तयार नव्हतं? तेलाचं तापमान चढलं? की खरोखर सरळ रस्त्यावर इंजिनच संपलं? माझ्या वहीत महिन्याच्या शेवटी अकरा नोंदी होत्या, त्यातल्या फक्त दोन इंजिनबद्दल, बाकी सगळ्या पकड आणि ब्रेकबद्दल. हे बघून मला स्वतःलाच धक्का बसला कारण डोक्यात सतत हॉर्सपॉवरच फिरत होती.

नवीन गाडी ऑर्डर करत असाल तर मूळ मॉडेल किमान दोनदा चालवून बघा, एकदा गर्दीच्या रस्त्यावर आणि एकदा मोकळ्या वळणांच्या रस्त्यावर. आणि स्वतःला प्रामाणिकपणे विचारा की वर्षातून किती दिवस ट्रॅकवर जाणार. एकही नाही हे पण चालणारं उत्तर आहे, फक्त खरं असायला हवं.

२. पॅकेजचं नाव बाजूला ठेवा, आतल्या पार्टची यादी काढा

परफॉर्मन्स, कॉम्पिटिशन, स्पोर्ट, ट्रॅक, सर्किट, नावं काहीही असतात आणि एकाच नावाखाली दोन कंपन्या पूर्ण वेगळ्या गोष्टी देतात. म्हणून यादी मागायची आणि प्रत्येक पार्ट चार खान्यांत टाकायचा: इंजिन, पकड आणि सस्पेन्शन, ब्रेक आणि कूलिंग, आणि नुसती सजावट.

थोडी उदाहरणं देतो म्हणजे मुद्दा लक्षात येईल. फोक्सवॅगनच्या सातव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयला परफॉर्मन्स पॅक घेतलं की पॉवर २२० ची २३० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) व्हायची. दहा पीएससाठी कोण पैसे देईल असं वाटतं, पण त्यात पुढच्या चाकांना इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचं डिफरेन्शियल लॉक (डिफरेन्शियल म्हणजे दोन चाकांत जोर वाटणारी गिअरची यंत्रणा, लॉकमुळे पकड सुटलेलं चाक नुसतं फिरत राहत नाही) आणि मोठे ब्रेक यायचे, आणि तेच खरं पॅकेज होतं. टोयोटा जीआर यारिसच्या सर्किट पॅकमध्ये तर इंजिनला हातच लावलेला नाही, पुढे-मागे टॉर्सन लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (हेच काम यांत्रिक पद्धतीने करणारं), फोर्ज्ड चाकं, चांगले टायर आणि कडक सस्पेन्शन. २०१५ च्या फोर्ड मस्टँग जीटीचं पॅकेज घ्या, पॉवर तीच ४३५ हॉर्सपॉवर, पण पुढे सहा पिस्टनचे ब्रेम्बो ब्रेक, मोठा रेडिएटर, आणि मॅन्युअल गाडीत मागचा गिअर रेशो (चाक एकदा फिरायला इंजिनकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा) ३.३१ ऐवजी ३.७३. आता ३.७३ ला ३.३१ ने भागा, १.१३ येतं. म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये चाकाला जवळपास १३ टक्के जास्त जोर मिळतो, इंजिनात एक बोल्टही न बदलता. बदल्यात हायवेवर त्याच स्पीडला इंजिन जास्त फिरतं, तेही धरून चाला.

सगळ्यात बोलकं उदाहरण पोर्शेचं आहे. ९९२ पिढीच्या ९११ जीटी३ ने जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफ ट्रॅकवर २०.८ किलोमीटरचा लॅप ६ मिनिटं ५९.९ सेकंदांत मारला होता. त्याच गाडीला मान्थे या रेसिंग कंपनीचं किट लावल्यावर वेळ आली ६ मिनिटं ५५.७ सेकंद. मान्थेमध्ये पोर्शेचाच मोठा हिस्सा आहे आणि हे किट पोर्शेच्याच डीलरकडे बसवून मिळतं. चार सेकंदांहून जास्त फरक पडला आणि इंजिनची पॉवर तीच, ५१० पीएस. बदललं काय तर सस्पेन्शन, एअरोडायनॅमिक्स आणि ब्रेकच्या लाइन.

यादी काढल्यावर ती पहिल्या पायरीच्या वहीशी जुळवा. तुमच्या नोंदींपैकी निम्म्यापेक्षा कमी नोंदींना पॅकेजमध्ये उत्तर असेल तर मी तरी ते पॅकेज सोडून देईन.

३. वाढीव पॉवर कुठल्या आरपीएमला येते ते बघा

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात म्हणून जरा सावकाश सांगतो.

ब्रोशरमध्ये एकच आकडा ठळक छापलेला असतो, सर्वाधिक पॉवर. पण तो आकडा ज्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) येतो तिथे तुम्ही दिवसातून किती सेकंद असता? हे तपासायला एक सोपं गणित आहे: टॉर्क (इंजिनचा फिरवायचा जोर) न्यूटन-मीटरमध्ये घ्या, त्याला आरपीएमने गुणा आणि ७०२४ ने भागा, उत्तर पीएसमध्ये मिळतं.

बीएमडब्ल्यूची एफ८० पिढीची एम३ बघा. साधी ४३१ पीएस, कॉम्पिटिशन पॅकेजची ४५०. टॉर्क मात्र दोन्हींचा ५५० न्यूटन-मीटर आणि तो ५५०० आरपीएमपर्यंत सपाट मिळतो. ५५० गुणिले ५५०० भागिले ७०२४ केलं की ४३१ येतात. म्हणजे ५५०० पर्यंत दोन्ही गाड्या कागदावर सारख्याच, सगळा फरक त्याच्या वर. तिथे साध्या गाडीची पॉवर ४३१ वर थांबते आणि कॉम्पिटिशन ७००० पर्यंत चढत जाते. ० ते १०० चा कंपनीचा आकडा ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह ४.१ वरून ४.० सेकंदांवर आला, एक दशांश. मात्र त्या पॅकेजमध्ये स्प्रिंग, डॅम्पर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर), अँटीरोल बार (वळणात गाडी कलणं कमी करणारी दांडी), डिफरेन्शियलचं ट्यूनिंग हे सगळं बदललेलं होतं, आणि ज्याला त्या गोष्टी हव्या होत्या त्याच्यासाठी ते पॅकेज चांगलंच होतं. नुसत्या १९ पीएससाठी घेणाऱ्याचा हिशोब चुकला.

अजून एक ताळा. १५०० किलोच्या गाडीत ७५ किलोचा मित्र शेजारी बसला की वजन ५ टक्के वाढतं. ४३१ वरून ४५० म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आतली वाढ. म्हणजे मित्र बसला की वाढ संपली. पॅकेजची पॉवर जर १० टक्क्यांच्या खाली असेल तर ती रोजच्या चालवण्यात जाणवेल अशी अपेक्षा ठेवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. टॉर्क खालच्या आरपीएमला वाढत असेल तर गोष्ट वेगळी, ते लगेच जाणवतं.

आणि हो, तुलना करताना एकक बघा. काही ठिकाणी पीएस छापतात, काही ठिकाणी ब्रिटिश हॉर्सपॉवर, काही ठिकाणी किलोवॅट. १०० हॉर्सपॉवर म्हणजे १०१.४ पीएस, नुसत्या एककातच मोठ्या इंजिनचा आकडा पाच-सहाने वाढलेला दिसतो. सगळं किलोवॅटमध्ये आणा आणि मगच तुलना करा, एक पीएस म्हणजे ०.७३५५ किलोवॅट.

४. नंतर बसवता येणारं कुठलं आणि न येणारं कुठलं

यादीतल्या प्रत्येक पार्टपुढे एकच प्रश्न लिहा: हे मला दोन वर्षांनी बसवता येईल का?

टायर, ब्रेक पॅड, ब्रेक फ्लुइड, चाकं, एक्झॉस्ट हे कधीही होतं. स्प्रिंग-डॅम्पर थोडे खर्चिक पण होतात. डिफरेन्शियल बदलणं म्हणजे मोठं काम, त्यातून इलेक्ट्रॉनिक असेल तर गाडीच्या सॉफ्टवेअरशी जुळवायला लागतं. आणि काही गोष्टी नंतर करायचा विचारही करू नये. २०१४ च्या सी७ कॉर्व्हेटला झेड५१ पॅकेज घेतलं तर ड्राय संप तेल यंत्रणा, गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलसाठी वेगळं कूलिंग आणि इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल यायचं. ड्राय संपमध्ये तेल वेगळ्या टाकीत असतं, त्यामुळे लांब वळणात तेल एका बाजूला सरकलं तरी पंप कोरडा पडत नाही. हे घरी आणलेल्या गाडीत मागाहून कोण बसवणार?

तर माझा नियम असा, फॅक्टरीतून घ्यायच्या त्या आत खोल बसणाऱ्या गोष्टी: डिफरेन्शियल, कूलिंग, तेल यंत्रणा, गिअर रेशो, मोठ्या ब्रेकचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग). बाहेरून लागणाऱ्या गोष्टी थांबू शकतात. पॅकेजमध्ये आतल्या गोष्टी भरपूर असतील तर ते ऑर्डर करतानाच घ्या, नंतर पस्तावाल. सगळं बाहेरचंच असेल तर आधी मूळ गाडी सहा महिने चालवा.

काही कंपन्या डीलरकडे नंतर बसवायची किट पण देतात. अबार्थ ५०० चं एस्सेएस्से किट लाकडी पेटीतून यायचं आणि १३५ पीएसची गाडी १६० ची व्हायची, म्हणजे साडेअठरा टक्के. एवढी वाढ नक्की कळते. अशा किटबद्दल डीलरला लेखी विचारा की गाडी किती जुनी आणि किती चाललेली असेपर्यंत बसवून मिळेल, आणि त्याने मूळ वॉरंटी तशीच राहील का.

५. वाढलेल्या पॉवरचा भार कोण उचलणार

स्पीड थोडा वाढला की उष्णता खूप वाढते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सरळ पट्ट्याच्या शेवटी २०० च्या जागी २२० ने पोचलात तर वेग १० टक्के वाढला, पण ब्रेकला गिळायची ऊर्जा २१ टक्के. माझं पेडल तिसऱ्या लॅपला का खाली गेलं याचं उत्तर हेच होतं, आणि वर फ्लुइड जुना होता. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक फ्लुइडला नवा असताना किमान २३० अंश सेल्सिअसचा उत्कलन बिंदू लागतो, पण पाणी शोषून झाल्यावर किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. फरक बघा केवढा आहे तो. फ्लुइड उकळला की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं.

म्हणून पॉवरचं पॅकेज ठरवायच्या आधी तीन गोष्टी करून बघा: ताजा चांगला ब्रेक फ्लुइड, तुमच्या वापराला जुळणारे पॅड, आणि उत्तम टायर. पॅकेजच्या मानाने खर्च किरकोळ आहे. मी ज्यांना ज्यांना हे करायला लावलं त्यातल्या बऱ्याच जणांची वही तिथेच निम्मी रिकामी झाली.

सिरॅमिक ब्रेकबद्दल दोन शब्द. पोर्शेच्या सिरॅमिक डिस्क लोखंडी डिस्कच्या साधारण निम्म्या वजनाच्या असतात, त्यामुळे चाकाकडचं वजन कमी होतं, काळी पूड पण जवळजवळ होत नाही. पण डिस्क बदलायची वेळ आली की खर्च फार मोठा, आणि चाक काढताना निष्काळजीपणे कडेला आपटलं तर डिस्कचा टवका उडू शकतो. सारखं ट्रॅकवर जाणारे कित्येक जण म्हणूनच मुद्दाम लोखंडी डिस्क वापरतात.

मोठ्या चाकांचंही तसंच. पॅकेजबरोबर एक-दोन इंच मोठी चाकं आली तर टायर महाग, टायरची भिंत बारीक, खड्ड्यात रिम वाकायची भीती जास्त. त्या मापाचा टायर तुम्ही राहता तिथे सहज मिळतो का हे ऑर्डरच्या आधी विचारा, नंतर नाही.

६. चालवून बघताना

दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकाच मोडमध्ये. सेल्समन पॅकेजवाली गाडी स्पोर्ट मोडमध्ये देतो आणि साधी गाडी नॉर्मल मोडमध्ये, मग साहजिकच पहिली झणझणीत वाटते. मोड स्वतः बघा, टायरचं प्रेशर पण बघा. एक्झॉस्टचा आवाज फार फसवतो, जोरात आवाज म्हणजे जोरात पळणं असं आपल्या मेंदूला वाटतंच.

मोजायचंच असेल तर बंद ट्रॅकवर जीपीएस टायमर लावून तिसऱ्या गिअरमध्ये ६० ते १२० ची वेळ घ्या, दोन्ही दिशांनी, तीन-तीन वेळा, टाकीत सारखंच पेट्रोल ठेवून. सार्वजनिक रस्त्यावर हा प्रकार करू नका. पेट्रोलच्या झाकणाच्या आतला ऑक्टेनचा आकडा पण वाचा, कंपनीने ९८ ऑक्टेन सांगितलं असेल आणि तुम्हाला नेहमी ९५ च मिळणार असेल तर इंजिन नॉकिंग (पेट्रोल अवेळी आपोआप पेटणं) टाळायला ठिणगी उशिरा पाडतं आणि वाढीव पॉवरचा काही भाग तिथेच जातो.

आणि खराब रस्त्यावरून अर्धा तास चालवा. घरच्यांना बरोबर घ्या. कडक सस्पेन्शन पाच मिनिटं रोमांचक वाटतं, पण रोज कामावर जाताना त्याचा त्रास होतो का हे पाच मिनिटांत कळत नाही.

७. पैशाचा हिशोब

पॅकेजची किंमत हा फक्त पहिला आकडा. त्याच्याखाली लिहा: वाढीव विमा, दोन वर्षांचे टायर, डिस्क आणि पॅड, जास्त पेट्रोल. मग विकताना यातलं किती परत येईल त्याचा अंदाज.

पॉवरवाली पॅकेजं विक्रीच्या वेळी एका कारणाने मार खातात, पुढचं मॉडेल त्यांना गाठतं. ९९७ पिढीची ९११ कॅरेरा एस ३५५ पीएसची होती, एक्स५१ पॉवरकिट लावलं की ३८१. मग २००८ मध्ये नवीन इंजिन आलं आणि साधी कॅरेरा एसच ३८५ ची झाली. दुर्मिळ म्हणून त्या किटला जाणकार शौकीन लोक मान देतात, पण सामान्य खरेदीदार आकडाच बघतो. डिफरेन्शियल, ब्रेक, कूलिंग यांचं तसं होत नाही, ती गाडी पुढेही चालवायला चांगलीच राहते.

८. सेकंडहँड गाडीत पॅकेज खरंच आहे का

बिल्ला बघून विश्वास ठेवू नका, बिल्ले बाजारात मिळतात. पोर्शेचे पिवळे कॅलिपर म्हणजे सिरॅमिक ब्रेक हे खरं, पण कॅलिपर रंगवता पण येतात, म्हणून चाकाच्या आतून डिस्क बघा. चॅसी नंबर देऊन डीलरकडून फॅक्टरीची ऑप्शन यादी मागा, त्यात पॅकेजचा कोड असलाच पाहिजे. नंतर बसवलेलं असेल तर डीलरचं बिल आणि बसवल्याची नोंद हवी. मला एका विक्रेत्याने बिल हरवलंय म्हणून सांगितलं आणि मी व्यवहार सोडला, आजही त्याबद्दल समाधान आहे.

गाडी लिफ्टवर घ्या, कारण पॅकेजवाली गाडी ट्रॅकवर वापरलेली असायची शक्यता जास्त. डिस्कवरचे बारीक तडे, टायरच्या कडांची झीज आणि निळसर पडलेला धातू, हे नीट बघा.

९. लागणारे कागद आणि साधनं

पॅकेजच्या पार्टची लेखी यादी, चॅसी नंबरवरून काढलेली ऑप्शन यादी, सर्व्हिसची पूर्ण नोंद, वॉरंटी कायम राहील असं डीलरचं पत्र, पॅकेजसह आणि पॅकेजशिवाय असे विम्याचे दोन कोटेशन, आणि पॉवर बदलत असेल तर रजिस्ट्रेशनच्या कागदावर किलोवॅटचा आकडा बदलावा लागतो का याची चौकशी. विमा कंपनीला पॅकेज सांगितलं नाही तर क्लेमच्या वेळी नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं, हे विसरू नका.

साधनं फार नाहीत: टायरचं प्रेशर गेज, टायरच्या खाचांची खोली मोजायचं गेज, टॉर्च, एरर कोड आणि तेलाचं तापमान बघायला गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा ओबीडी रीडर, जीपीएस टायमर, आणि ती वही.

१०. घेतलं तर ताब्यात घेताना

नंतर बसवलेलं किट असेल तर व्हील अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट मागा, आधीचा आणि नंतरचा दोन्ही. इंजिनचं सॉफ्टवेअर बदललं असेल तर नवीन व्हर्जनचा नंबर बिलावर लिहून घ्या, कारण पुढच्या सर्व्हिसला कोणी नेहमीचं अपडेट टाकलं तर वाढीव पॉवर पुसली जाऊ शकते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. नवीन पॅड आणि डिस्क असतील तर बेडिंग करायला विसरू नका, मध्यम वेगावरून हळूहळू जोर वाढवत काही ब्रेक मारायचे, मध्ये थंड होऊ द्यायचं आणि गरम डिस्कवर पेडल दाबून गाडी उभी ठेवायची नाही. जुने काढलेले पार्ट वर्कशॉपमध्ये सोडून येऊ नका, डब्यात घालून घरी आणा, विकताना गाडी मूळ स्थितीत हवी असणारा गिऱ्हाईक कधी ना कधी भेटतोच.

माझ्या दुसऱ्या गाडीला मी डिफरेन्शियल आणि मोठे ब्रेक असलेलं पॅकेज घेतलं आणि पॉवर किटची ओळ रिकामी सोडली. वही अजून चालू आहे, गेल्या वर्षभरात त्यात इंजिनबद्दलची एकच नोंद आहे.